नवशिक्यांचा उतार

भाऊबीजेला माहेरी मी एक वाक्य बोलले आणि तिथून सगळं बिघडत गेलं. ओवाळून झालं होतं, ताटं वाढायची होती, दादा सोफ्यावर मांडी घालून बसला होता. मी म्हटलं, "जानेवारीत आम्ही दोघं युरोपला जातोय. मला स्कीइंग शिकायचंय."

दादा म्हणाला, "मंग आमी पन येतो."

कुठे, किती दिवस, स्कीइंग म्हणजे काय, काही विचारलं नाही. आमच्या भावकीत कोणी एकटंदुकटं फिरायला जात नाही. गेलंच, तर घरात काहीतरी बिनसलंय असं अख्खं गाव धरून चालतं. गोव्याला जायचं तरी आमच्या दोन गाड्या निघतात आणि एका गाडीच्या डिकीत शेगडी असते. "आमी पन येतो" हे आमच्याकडे प्रेमाने म्हटलं जातं, आणि ते ऐकल्यावर नाही म्हणायचं नसतं. मीही म्हटलं नाही. जेवणं उरकेपर्यंत आम्ही अकरा माणसं झालो होतो.

माझ्याबद्दल थोडं सांगते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील मिठागरात राबले. पुढे जमीन प्रकल्पात गेली, मोबदला आला, दादाने ट्रेलर घेतले, मग इमारती बांधल्या. मी पनवेलला भूगोल घेऊन बी.ए. झाले. हे मी अजूनही सांगते. कोणाला ते मिरवणं वाटलं तर वाटो. आज उरणजवळच्या द्रोणागिरीच्या एका कंटेनर यार्डात निर्यातीच्या कागदपत्रांचा विभाग माझ्या हाताखाली आहे. माहेरी येणारा प्रत्येक इंग्रजी कागद आधी माझ्याकडे येतो. बँकेचा, कोर्टाचा, शाळेचा, एकदा तर कुत्र्याच्या औषधाच्या बाटलीवरचासुद्धा.

भूगोलात हिमनदी होती. हिमनदीने कोरलेल्या दरीची आकृती मी इतकी सुबक काढायचे की सर ती वर्गाला दाखवायचे. बर्फ मात्र मी पाहिलेला नव्हता. शेवटच्या वर्षी कॉलेजची सहल हिमाचलला निघाली, तेव्हा वडील म्हणाले, "बर्फ बघाया एवढ्या लांब कशाला? बंदरावर बर्फाचा कारखाना हाय." ते थट्टा करत नव्हते. मासळीसाठी लागणाऱ्या बर्फाच्या लाद्या त्यांनी कितीतरी वेळा खांद्यावरून वाहिल्या होत्या. सहल माझ्याविना गेली.

पुढे लग्नानंतर मी मनालीला बर्फ पाहिला. भाड्याचा जाड कोट घालून फोटो काढला. पाच मिनिटांत बोटं बधिर झाली आणि चहा प्यावासा वाटला. बर्फ बघण्यात काही नाही हे तेव्हाच कळलं. पण परत फिरताना वरच्या उतारावरून एक बाई येताना दिसली, पायांना स्की बांधलेली, वयाने माझ्या आजच्या एवढी असेल. ती हवं तिथे वळत होती. आमच्या घोळक्यापासून दोन हातांवर येऊन ती थांबली, तेही तिला थांबायचं होतं म्हणून. मला ते हवं होतं, आणि इतकी वर्षं ते तसंच राहिलं. यंदा गुडघ्याचे डॉक्टर म्हणाले, "शिकायचं तर आत्ता शिका. पाच वर्षांनी मला विचारायला येऊ नका."

तर मला एक आठवडा हवा होता, शिकण्यासाठी. त्याहून जास्त मी कोणाकडे काही मागत नव्हते.

निवड करायला बसले तेव्हा वाटलं, हे आपलंच काम आहे. बंद कंटेनरात काय आहे ते मी दिवसभर कागदावरून ताडते. मग डोंगरावरचं एक गाव निवडायला काय लागतं? पण यार्डातला कागद निदान काहीतरी ठाम बोलतो. युरोपातलं प्रत्येक स्की गाव स्वतःबद्दल एकच सांगतं: आमच्याकडे नवशिक्यांसाठी उत्तम सोय, तरबेजांसाठी उत्तम सोय, कुटुंबासाठी उत्तम, नवरा-बायकोसाठी उत्तम. खेडं म्हणजे अगदी जुनं खेडं, आणि सोयी मात्र सगळ्या नव्या. फोटोत ऊन पडलेलं, आभाळ निळं, आणि कोणीही पडलेलं नाही. मला तर पडलेली माणसंच बघायची होती. पडल्यावर तिथे काय होतं ते कोणी लिहीत नाही.

हळूहळू काही गोष्टी लक्षात आल्या. उतार किती कठीण ते पाट्यांच्या रंगावरून कळतं: फ्रान्समध्ये सगळ्यात सोपा उतार हिरवा, ऑस्ट्रियात हिरवा नसतोच, तिथे निळ्यापासून सुरुवात. एका देशातला निळा दुसऱ्या देशात लाल, म्हणजे कठीण, होऊ शकतो. काही गावांत नवशिक्यांचा उतार खाली रस्त्याच्या कडेला असतो आणि तिथे बर्फ कमी पडला की यंत्राने पाडतात. काही ठिकाणी तो वर असतो, पण वरून परत यायचं तर तारेवरच्या पाळण्यात बसून यावं लागतं. मोठमोठी नावं असलेल्या गावांत शेकडो मैल उतार. मला त्यातला शंभर पावलांचा एक पुरे होता, आणि बाजूला उभं राहून इंग्रजीत ओरडणारा एक मास्तर.

एका स्की शाळेला मी मेल पाठवला. नवशिक्यांच्या वर्गाची चौकशी केली. उत्तर लगेच आलं, फार नम्र होतं, आणि त्यात विचारलं होतं: मुलांची वयं काय? मी लिहिलं, शिकणारी मी आहे. त्यावर दोन दिवस काही आलं नाही. मग आलं, की मोठ्यांचा वर्ग पुरेशी नावं आली तरच भरतो. मला इतका राग आला की ते गावच मी यादीतून काढून टाकलं. गाव बिचारं चांगलं होतं.

नवऱ्याला विचारावं, तर तो म्हणतो, "तू ठरवशील ते." बँकेतून लवकर निवृत्ती घेतलेला शांत माणूस. मी दोन गावं शेजारी शेजारी उघडून त्याला दाखवली, एकीकडे बर्फ भरवशाचा, दुसरीकडे मास्तर भरवशाचा. तो चष्मा लावून नीट बघायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "दोन्ही छान आहेत." मनुष्य भांडला तर निदान काही निकाल लागतो. हा भांडत नाही.

शेवटी मला माझं गाव सापडलं. ऑस्ट्रियातलं, लाकडी घरांचं, मध्ये एक चर्च, कोपऱ्यावर पाव भाजणारा. नवशिक्यांचा उतार गावाच्या वरच्या अंगाला, दुपारपर्यंत ऊन येणारा. मोठ्यांचा वर्ग नक्की भरणार, सोमवार ते शुक्रवार. घर भाड्याने मिळणार ते शनिवार ते शनिवार. मधल्या वारी तिथे घरात कोणाला घेत नाहीत. जानेवारीचा शेवटचा आठवडा, म्हणजे नाताळची गर्दी गेलेली आणि त्यांच्या शाळांची सुट्टी अजून यायची.

आता हे बाकीच्या दहा माणसांना पटवायचं होतं.

आधी पनवेलच्या टूरवाल्याकडे गेले, कारण दादा म्हणाला त्याला विचार. टूरवाल्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माझं ऐकून घेतल्यासारखं केलं.

"मॅडम, स्नो पाहिजे ना? स्नो आहे. डे फोरला आपण टॉपला जातो. दोन तास फुल स्नो, मग खाली येऊन इंडियन लंच."

"दोन तासांत मी शिकणार काय?"

"तिथे स्लेज असते, मॅडम. बसायचं आणि सोडून द्यायचं. शिकायची गरजच नाही."

मी त्याला सांगितलं की मला एकाच गावात सात दिवस राहायचंय. त्याने पेन खाली ठेवलं.

"एकाच गावात? ग्रुप बोअर होईल हो. आणि जानेवारी कशाला? मे मध्ये जा. इथे उकडतंय, तिथे मस्त गारवा. आपली सगळी पब्लिक मे मध्येच जाते."

मे महिन्यात त्या उतारांवर गवत असतं आणि गाई चरतात, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "गाई पण छान दिसतात, मॅडम."

मग दादाच्या बंगल्यावर बैठक झाली. मी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि ते ऑस्ट्रियातलं गाव भिंतीएवढं करून दाखवलं. सगळे बघत होते. बघून झाल्यावर वहिनी म्हणाली, "ताई, एक इचारू? थंडीच्या दिवसांत थंडीकडं कोन जातो?"

हा प्रश्न नंतर मला यार्डात, कॉलनीत, भाजीवाल्याकडे, सगळीकडे भेटला. आपल्याकडे गार जागी जायचं ते उकाड्यातून सुटायला. माणूस महाबळेश्वरला मे महिन्यात जातो. गार हवेतून उठून त्याहून गार हवेत जाणं यात लोकांना काहीतरी चक्रमपणा दिसतो, आणि नीट विचार केला तर त्यांचं चुकत नाही. पण मला गारव्याशी काही देणंघेणं नव्हतं. मला उतार हवा होता, आणि बर्फाचा उतार थंडीतच असतो.

दादाने मात्र वेगळंच विचारलं. "बघून कोन आलाय?"

"म्हणजे?"

"ती जागा. आपल्यातला कोनी डोल्यानं बघून आलाय का?"

आमच्याकडे न बघता काही ठरत नाही. जमीन, हॉल, मुलगी, म्हैस, कोणीतरी विश्वासाचा माणूस जाऊन बघून येतो, येऊन सांगतो, मग शब्द दिला जातो. फोटोवर कोणी विश्वास ठेवत नाही, कारण फोटो विकणारा काढतो. यात मला हसण्यासारखं काही वाटत नाही. दादाच्या धंद्यात न बघता घेतलेल्या जमिनीने बुडालेली माणसं मीही पाहिली आहेत. पण ऑस्ट्रियाला कोणाला पाठवणार?

दादाला एक माणूस आठवला. उरणला चपलांचं दुकान असलेला त्याचा जुना दोस्त, सगळे त्याला भाई म्हणतात. उमेदीची वर्षं त्याने आखातात गोदाम सांभाळण्यात काढली. तिकडे एका मॉलच्या आत बर्फाचा डोंगर केला आहे आणि भाई तिथे स्कीवर उभा राहिला होता. दादाने फोन केला आणि भाई दुसऱ्याच दिवशी खजुराचा पुडा घेऊन हजर.

"ताई, खरं तेच सांगतो," भाई म्हणाला. "बाहेर लू चालू आणि आत बर्फ. आम्ही गोदामातली चार पोरं, शुक्रवारची सुट्टी. उभं राहायला जमलं. चालायला पण जमलं. थांबायचं कसं ते कोणी सांगितलंच नाही."

"मंग?" वहिनीने विचारलं.

"मग काय, सीधा कठड्याला. सहा हफ्ते पाय प्लास्टरमध्ये. सेठला सांगितलं, गोदामात शिडीवरून पडलो. आजपर्यंत बायकोलाही तेच माहीत आहे, तुम्ही बोलू नका."

दादा पोट धरून हसला. मी म्हटलं, "भाई, म्हणूनच मी मास्तर शोधतेय."

"बराबर आहे, ताई. तालीम घेऊनच उतरा. तुम्हाला जमेल. तुम्ही हट्टी आहात."

भाईने माझी बाजू घेतली होती, पण बाकीच्यांनी फक्त प्लास्टर ऐकलं. त्या दिवशी शिकणारी मी एकटी उरले. येणारे मात्र अकराच राहिले. म्हणजे आता मला असं गाव हवं होतं जिथे एक माणूस शिकेल आणि उरलेल्या दहांना दिवसभर काहीतरी करायला असेल, शिवाय अकरा माणसांचं एक घर, ज्यात वहिनीला भाकरी थापता येईल एवढा ओटा. त्या लाकडी घरांच्या गावात असं घर एकच होतं. मी मालकिणीला तीन वेळा मेल केला. तिने शेवटच्या मेलमध्ये ओट्याचा फोटो मोजपट्टी ठेवून पाठवला. बाई चांगली होती. मी वहिनीला फोटो दाखवला आणि ती पहिल्यांदाच म्हणाली, "हां, इथं जमंल."

त्याच आठवड्यात भाच्याच्या लग्नाची तारीख निघाली. दादाचा मुलगा, साखरपुडा आधीच झाला होता. पौष संपल्यावरचा पहिला चांगला मुहूर्त, बुधवार. मी कॅलेंडर बघायच्या आधीच मला कळलं होतं. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातला बुधवार.

"दादा, मी तारीख सांगितली होती ना?"

"बाय, मुहूर्त मी काढतो का? आणि हॉल तोच दिवस खाली हाय."

"शनिवार ते शनिवार घर आहे. सोमवार ते शुक्रवार वर्ग आहे."

"मंग तू सोमवारी शिकून मंगलवारी हलदीला ये." तो हे गंभीरपणे म्हणाला. "आत्याशिवाय हलद लागंल का?"

"एका दिवसात शिकता आलं असतं तर भाईचा पाय मोडला नसता."

"अगो, पुढं जा. बर्फ काय पळून जातोय?"

"जातो, दादा. पळूनच जातो."

त्याला ते पटलं नाही. मीठ पावसात वाहून जातं हे ज्याला कळतं, त्याला बर्फ वितळतो हे कळू नये, याचं मला नवल वाटत राहिलं. पण खरं तर त्याला कळत होतं. त्याला ते महत्त्वाचं वाटत नव्हतं, एवढंच. मालकिणीला मी नाही कळवलं. तिने लिहिलं, लग्नाला शुभेच्छा.

एक बरं झालं, असं मला वाटलं. लग्नाच्या गडबडीत बाकीच्यांचं येणं आपोआप मागे पडलं आणि अकराचे आम्ही दोघं उरलो. फेब्रुवारी त्यांच्या शाळांच्या सुट्टीचा, वर्ग भरलेले. मार्चचा पहिला आठवडा मिळत होता. यार्डात आर्थिक वर्ष संपायच्या तोंडावर मार्चच्या मध्यानंतर रजा मागणं म्हणजे भांडण विकत घेणं, आणि सलग एवढी लांब रजा वर्षातून एकदाच मिळते. तेव्हा मार्चचा पहिला आठवडा किंवा काहीच नाही.

पण माझं लाकडी गाव मार्चमध्ये चालणार नव्हतं. ते तसं खाली आहे. मार्चमध्ये नवशिक्यांच्या उतारावर दुपारी चिखल होतो, हे मालकिणीनेच प्रामाणिकपणे सांगितलं. मार्चमध्ये भरवशाचा बर्फ हवा तर उंचावर जायला हवं, आणि उंचावर जुनी खेडी नसतात, कारण शहाणी माणसं तिथे कधी राहिलीच नाहीत. तिथे आहेत ती मुद्दाम स्कीसाठी बांधलेली गावं. फ्रान्समधलं असं एक गाव मी उघडलं. आठ आठ मजल्यांच्या इमारती, चौकोनी गॅलऱ्या, राखाडी रंग, मधोमध पार्किंग. चर्च नाही. पाव भाजणारा असेल तर इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात.

नवऱ्याने चष्मा लावून नीट बघितलं. "अगं, ही तर आपली खांदा कॉलनीच आहे. फक्त बर्फ पडलाय."

त्याचं बरोबर होतं म्हणून जास्तच चिडले. एवढे महिने शोधाशोध करून, अर्धा युरोप पालथा घालून मी आमच्याच कॉलनीत येऊन पोचले होते. पण इमारतीच्या दाराबाहेर हिरवा उतार होता, अगदी दाराबाहेर. मोठ्यांचा वर्ग होता, इंग्रजीत, नक्की भरणारा. मी त्यातलं एक घर पैसे न भरता दोन दिवसांच्या मुदतीवर राखून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बस्ता होता. लग्नाचे कपडे घ्यायला दोन्हीकडची मंडळी पनवेलच्या दुकानात गाद्यांवर बसली होती, साड्यांचे ढीग उघडत होते, चहा फिरत होता. वहिनीकडच्या बायका, नवरीच्या मावश्या, सगळ्या तिथे. आत्याच्या मानाच्या साडीची वेळ आली तसा दादाने दुकानदाराला हात केला.

"थांब. या वेलेला माज्या बहिनीला साडी नाय." सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. "तिला युरोपची टूर. ती आनि भावजी. आमी बी चाललो, सगली. मे महिन्यात. बुकिंग झाला." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "त्यात बर्फ बी हाय, बाय. इचारून घेतलाय."

नवरीच्या एका मावशीने डोळ्यांना पदर लावला. दुसरी म्हणाली, "भाऊ असावा तर असा." मी हसले. माझे गाल दुखेपर्यंत हसले. चौथ्या दिवशी दोन तास बर्फ आणि खाली येऊन जेवण, हे मला तोंडपाठ होतं. पण आत्याचा मान चारचौघांत नाकारला तर तो आयुष्यभर नाकारलेला राहतो. दुकानदाराने साड्या पुढच्या बाईकडे सरकवल्या.

घरी आल्यावर नवऱ्याला म्हटलं, "आता काय करू?"

"तू ठरवशील ते," तो म्हणाला. मग माझं तोंड बघून त्याने पुढे जोडलं, "म्हणजे मार्चचं ठरव. मे मध्ये तू तिथे माणसंच मोजत फिरशील."

त्याच्याकडून आलेलं हे पहिलं मत. मी घर पक्कं केलं आणि दादाला सांगायचं लग्नानंतर ठेवलं.

लग्न चांगलं झालं. हळदीला मी सगळं केलं जे आत्या करते. घाणा भरला, भाच्याला हळद लावली, लग्नाची गाणी सांगणाऱ्या धवलारणीच्या मागे बसून गाणी म्हटली, पहाटेपर्यंत पाहुण्यांना वाढलं. एकदा ताट घेऊन जाताना मनात आलं की आत्ता मी तिथे असते तर वर्गाचा दुसरा दिवस असता. मग कोणीतरी पाणी मागितलं.

पाहुणे गेल्यावर दोन दिवसांनी भाड्याची भांडी परत करायची होती म्हणून मी माहेरी गेले. दादा अंगणात खुर्ची टाकून चहा पीत होता. वहिनी पायरीवर बसून पातेल्यांवरची नावं बघून वेगळी करत होती.

"दादा, मे महिन्याच्या टूरमधून आमची नावं काढ."

"आहेर कोनी परत करतो का?"

"परत करत नाही. मार्चमध्ये मी शिकायला जातेय. रजा एकदाच मिळते."

त्याने चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाला, "शिकून काय करनार? इथं कुठं हाय बर्फ?"

"काही करणार नाही. मला येईल, एवढंच."

"बाय, तू खुल्यासारखी बोलतेस."

"असेल."

त्याने कप खाली ठेवला आणि आवाज बारीक केला. "मंग आमी कोनाच्या भरवशावर जायाचा?"

मला वाटलं तो विषय बदलतोय. पण त्याने जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. मागे तो आणि वहिनी दुबईला गेले, त्या वेळी मी बरोबर नव्हते. विमानतळावर काउंटरवरच्या माणसाने काहीतरी विचारलं, दादा प्रत्येक प्रश्नाला येस म्हणत गेला, आणि त्यांनी त्याला बाजूला नेऊन एका खुर्चीवर बसवलं. कितीतरी वेळ कोणी काही सांगितलं नाही. वहिनी पलीकडे काचेतून बघत रडत होती. शेवटी कोणीतरी हिंदी बोलणारा आला आणि सोडलं. परत आल्यावर दोघांनी घरी सांगितलं होतं की विमान उशिरा उतरलं.

अख्ख्या तालुक्यात ज्याच्या शब्दावर जमिनी फिरतात तो माझा भाऊ त्या खुर्चीवर कसा बसला असेल, ते मला दिसलं. वाईट वाटलं. आणि लगेच रागही आला, कारण मला वाईट वाटलं की मी हो म्हणते, हे मला माहीत आहे आणि बहुतेक त्यालाही. तो आहेर माझ्यासाठी होता का त्याच्यासाठी, हे मी विचारलं नाही. दोन्ही असेल. माणसाच्या मनात दोन्ही असू शकतं.

मी म्हटलं, "टूरबरोबर त्यांचा माणूस असतो, दादा. मराठी बोलतो. काउंटरवर तोच उभा राहतो."

"तो परका."

"परका आहे, पण ते त्याचं काम आहे. माझी सुट्टी आहे."

"म्हंजे तू नाय येनार."

"नाही."

हा शब्द मी त्याला याआधी कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. तो उठून उभा राहिला, परत बसला. वहिनी पातेलं पुसत म्हणाली, "जाऊ द्या तिला. पडली तं तिची ती पडंल."

"तुला कोनी इचारलाय?"

"नाय इचारला. तरी सांगते."

दादा म्हणाला, "कर तुला काय करायचा तो," आणि भांड्यांचा टेम्पो आला का बघायला फाटकाकडे गेला. टेम्पो आलेला नव्हता. तो तिथेच उभा राहिला.

त्यालाही आता दोन आठवडे झाले. फोन नाही. मी रोज सकाळी भिंतीला पाठ टेकून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखी बसते. स्की शाळेने मांड्यांसाठी हा व्यायाम कळवला आहे. मांड्या थरथर कापतात. नवरा समोर पेपर वाचत बसतो आणि मधूनच म्हणतो, "छान." त्या राखाडी इमारतीचा फोटो मी अजून कोणाला दाखवलेला नाही, कारण सगळे तेच म्हणणार.

काल दादाचा ड्रायव्हर येऊन एक पाकीट देऊन गेला. निरोप असा की मे महिन्याच्या टूरचे व्हिसाचे कागद भरून ठेव. आत सगळ्यांचे पासपोर्ट, बँकेचे कागद, फोटो. आमचे पासपोर्ट त्याने मागितलेले नाहीत. म्हणजे नावं काढली.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ते सगळं पसरून बसले, आणि पहिल्याच फोटोला थांबले. फोटो चुकीच्या मापाचे आहेत. सगळ्यांचेच. दादाच्या फोटोत तर मागे लग्नाच्या मांडवाचा गुलाबी पडदा आहे. हे त्यांना पुन्हा काढायला लावावे लागतील, आणि ते सांगायला फोन मलाच करावा लागणार.